दोन बाण : अमेरिकेतील कागदपत्रविहीन विद्यार्थी, त्यांची चळवळ आणि त्यांचे मन

निवासी शाळेच्या दारात मूल येते, तेव्हा त्याच्या आधी त्याचे कागद येतात. जन्माचा दाखला, आधीची शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. कागदाचे मोल आपल्या समाजाला कोणी शिकवावे लागत नाही. १९५६ साली धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांतील मुलांना केंद्र शासनाच्या अनुसूचित जातींसाठीच्या सवलती लागू होण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधल्या चौतीस वर्षांत घरात बुद्धवंदना आणि कागदावर जुना धर्म, असे दुहेरी जिणे कितीतरी कुटुंबे जगली. कागद माणसाला जे म्हणतो आणि माणूस स्वतःला जे मानतो, त्या दोहोंतील अंतर मनाला कसे पोखरते, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे.

या अनुभवाच्या आधारे आम्ही स्मरणिकेच्या वाचकांपुढे एक दूरचा वाटणारा विषय मांडत आहोत. अमेरिकेतील महाविद्यालयांत शिकणारी, पण त्या देशात राहण्याचा वैध कागद हाती नसलेली हजारो मुले गेली पंचवीस वर्षे आपल्या हक्कांसाठी झगडत आहेत. त्या झगड्याने त्यांच्या मनाला बळ दिले आणि थकवाही दिला. ज्या समाजाने शिक्षण आणि संघर्ष हे दोन शब्द एका दमात उच्चारायला शिकले, त्या समाजाने ही दुहेरी हकिकत समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

हे विद्यार्थी कोण?

आईवडिलांचे बोट धरून, पुष्कळदा पाळण्याच्या वयात, ही मुले अमेरिकेत आली. काही कुटुंबांनी सीमा विनापरवाना ओलांडली, तर काही व्हिसा घेऊन आली आणि मुदत संपल्यावर तेथेच राहिली. त्यांत मेक्सिको व मध्य अमेरिकेतील मुले अधिक असली, तरी फिलिपाईन्स, कोरिया, चीन, आफ्रिकेतील देश आणि भारत येथूनही आलेली मुले त्यांत आहेत. त्यांना 'बेकायदेशीर' म्हणण्याची रीत आहे. आम्ही तो शब्द जाणीवपूर्वक टाळतो. कृती कायद्याबाहेरची असू शकते, माणूस नव्हे. एखाद्याच्या अस्तित्वालाच दोष मानणारी भाषा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली आहे.

या मुलांच्या शाळेचा हक्क न्यायालयात सिद्ध झाला. टेक्सास राज्याने १९७५ साली कायदा करून कागदपत्रविहीन मुलांच्या शिक्षणाचा सरकारी निधी रोखला आणि टायलर गावच्या शाळांनी अशा प्रत्येक मुलाकडून वर्षाला एक हजार डॉलर मागितले. मजुरी करणाऱ्या पालकांना ही रक्कम म्हणजे शाळेचे बंद दार होते. त्यांपैकी काही कुटुंबे न्यायालयात गेली. सुनावणीच्या दिवशी आपल्याला तेथूनच देशाबाहेर काढतील, या भीतीने त्यांनी घरातील सामान गाडीत भरून आणले होते. १५ जून १९८२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'प्लायलर विरुद्ध डो' या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, या मुलांना सरकारी शाळांतील मोफत शिक्षण नाकारता येणार नाही.

हा निकाल बारावीपर्यंतच्या शाळेपुरता होता. महाविद्यालयाविषयी त्यात काही नव्हते. केंद्र सरकारची शैक्षणिक मदत व कर्ज या विद्यार्थ्यांना मिळत नाही. सरकारी विद्यापीठे आपल्या राज्यातील रहिवाशांना कमी आणि बाहेरच्यांना कितीतरी अधिक शुल्क आकारतात. एकाच गावात वाढलेल्या या मुलांना अनेक राज्यांनी 'बाहेरचे' ठरवले. २००१ साली टेक्सास व कॅलिफोर्निया या राज्यांनी त्यांना रहिवाशांचे शुल्क लागू केले. त्यांपैकी टेक्सासची सवलत जून २०२५ मध्ये संपुष्टात आली. जॉर्जिया राज्याने तर २०१० साली ठराव करून आपल्या अग्रगण्य सरकारी विद्यापीठांत या विद्यार्थ्यांना प्रवेशच बंद केला.

सोळाव्या वर्षी लागणारा शोध

समाजशास्त्रज्ञ रोबेर्तो गोन्सालेस यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे दीडशे कागदपत्रविहीन तरुण-तरुणींच्या जीवनाचा बारा वर्षे मागोवा घेतला. त्यातून पुढे आलेली गोष्ट अशी की, लहानपणी या मुलांना आपण निराळे आहोत याची जाणीवच पुष्कळदा नसते. शाळा त्यांना सामावून घेते. मग सोळा ते अठरा या वयात सोबतचे मित्र वाहन परवाना काढतात, सुट्टीत नोकरी धरतात, महाविद्यालयाचे अर्ज भरतात. प्रत्येक ठिकाणी एक क्रमांक मागितला जातो आणि तो क्रमांक यांच्यापाशी नसतो. आईवडिलांना विचारले की घरात शांतता पसरते.

होजे आंतोनियो व्हार्गास हे पत्रकार बाराव्या वर्षी फिलिपाईन्सहून आजी-आजोबांकडे आले. सोळाव्या वर्षी ते वाहन परवाना काढण्यास गेले असता खिडकीमागील कर्मचारी स्त्रीने त्यांचे ओळखपत्र खोटे असल्याचे हळू आवाजात सांगितले. पुढे वृत्तांकनाच्या पुलित्झर पारितोषिकात त्यांचा वाटा होता, तरी हे गुपित त्यांनी २०११ पर्यंत उराशी बाळगले. मित्र, वरिष्ठ, वाचक या साऱ्यांशी बोलताना एक दार सतत बंद ठेवायचे, हा कष्ट कोणत्याही वेतनपत्रकात दिसत नाही.

आपल्या वाचकांना येथे बडोदे आठवेल. कोलंबिया विद्यापीठात शिकून परतलेले बाबासाहेब १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले, तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. अखेर एका पारशी निवासगृहात ते पारशी नाव नोंदवून राहिले. वरच्या मजल्यावरील अंधाऱ्या, अडगळीच्या दालनात एकट्याने काढलेल्या त्या रात्रींचे आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाचे वर्णन त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या टिपणाला त्यांनी दिलेले नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे आहे. स्वतःच्याच देशात परवानगीची वाट पाहणाऱ्या माणसांसाठी त्यांनी योजलेला शब्द 'व्हिसा' हा होता. या मुलांची कथा आपल्याला परकी का वाटू नये, याचे उत्तर त्या एका शब्दात आहे.

पहिला बाण आणि दुसरा बाण

संयुत्त निकायातील सल्लसुत्तात भगवान बुद्धांनी एक दृष्टान्त दिला आहे. माणसाला एक बाण लागतो आणि त्यापाठोपाठ दुसरा. पहिला बाण म्हणजे प्रत्यक्ष वेदना. दुसरा म्हणजे त्या वेदनेपायी मनाने केलेला शोक, संताप, आक्रोश. विवेकी माणसालाही पहिला बाण लागतोच. दुसरा मात्र तो लागू देत नाही.

या विद्यार्थ्यांच्या बाबतीत पहिला बाण आहे कायद्याचा व भेदभावाचा. शुल्क परवडत नाही, नोकरी मिळत नाही, कामावर गेलेले वडील संध्याकाळी परततील की नाही हे ठाऊक नाही. दुसरा बाण लज्जेचा आहे: माझ्यातच काही खोट आहे, मी कोणाची तरी जागा बळकावली आहे, मी कितीही शिकलो तरी उपयोग नाही. गोन्सालेस यांना भेटलेल्या तरुणांनी झोप न लागणे, सततची डोकेदुखी, जगण्यातला रस उडणे अशा तक्रारी सांगितल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २०१५ साली ३४ राज्यांतील ९०९ कागदपत्रविहीन पदवी विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सुमारे २९ टक्के मुलगे आणि ३७ टक्के मुली चिंतेच्या अशा पातळीवर आढळल्या की जेथे वैद्यकीय लक्ष आवश्यक मानले जाते. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण अनुक्रमे ४ आणि ९ टक्के धरले जाते.

येथे एक सावधगिरी हवी. दुसरा बाण टाळा, असा उपदेश करून पहिला बाण मारणाऱ्याला मोकळे सोडणे, हा त्या दृष्टान्ताचा दुरुपयोग होईल. ही मुले आजारी आहेत म्हणून दुःखी आहेत असे नाही. त्यांच्या दुःखाला पुष्कळ अंशी कायदा कारण आहे, याला पुरावा आहे. १५ जून २०१२ रोजी, प्लायलर निकालाला बरोबर तीस वर्षे होत असताना, राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी 'डाका' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी योजना जाहीर केली. सोळा वर्षांच्या आत अमेरिकेत आलेल्या आणि जून २००७ पासून तेथे सलग राहणाऱ्या तरुणांना हद्दपारीपासून दोन वर्षांचे, नूतनीकरण करता येणारे संरक्षण आणि कामाचा परवाना तिने दिला. आजवर आठ लाखांहून अधिक तरुणांना तिचा लाभ मिळाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात योजनेस पात्र असलेल्यांच्या मानसिक त्रासात घट दिसून आली. त्याच वर्षी ऑरेगन राज्यातील दुसऱ्या एका अभ्यासात असे आढळले की, आईला हे संरक्षण मिळाले तेव्हा तिच्या मुलांतील चिंताविकार व समायोजनाच्या विकारांचे प्रमाण ७.८ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर आले. औषध बदलले नव्हते. आईच्या हाती एक कागद आला होता.

चळवळीने काय दिले

ही योजना कोणी आपण होऊन बहाल केलेली नव्हती. या तरुणांना नागरिकत्वाची वाट मोकळी करणारे 'ड्रीम' विधेयक सिनेटर डिक डर्बिन व ऑरिन हॅच यांनी २००१ साली प्रथम मांडले. वर्षामागून वर्षे गेली. विधेयक पुढे सरकेना. तेव्हा विद्यार्थ्यांनी स्वतः रस्ता धरला. १ जानेवारी २०१० रोजी फ्लोरिडातील मायामी येथून चार विद्यार्थी राजधानी वॉशिंग्टनकडे पायी निघाले आणि सुमारे दीड हजार मैल चालून गेले. त्याच वर्षी मार्च महिन्यात शिकागोच्या भर चौकात तरुण-तरुणींनी ध्वनिक्षेपकावर आपले नाव उच्चारून सांगितले की, आपल्यापाशी कागद नाहीत आणि आता आपल्याला भीतीही नाही. मे महिन्यात ॲरिझोनातील एका सिनेटरच्या कार्यालयात विद्यार्थ्यांनी ठाण मांडले. डिसेंबर २०१० मध्ये विधेयक प्रतिनिधिगृहात संमत झाले. सिनेटमध्ये ६० मतांची गरज असताना ५५ मिळाली आणि ते तेथेच थांबले. त्यानंतर अठरा महिन्यांनी 'डाका' आली.

जाहीरपणे बोलण्यात धोका मोठा होता, तरी तसे बोललेल्यांपैकी अनेकांनी त्याला सुटका म्हटले. हे कसे, ते आपण समजून घ्यावे. गुपित एकट्याचे असते तोवर तो आपला दोष वाटतो. तेच गुपित सभेत दहा जणांच्या तोंडून ऐकू आले की, तो दोष नसून व्यवस्था आहे, हे उमजते. लज्जेचा दुसरा बाण येथे गळून पडतो. चवदार तळ्याच्या काठी १९२७ साली पाण्याला हात लावणाऱ्यांच्या मनात जे घडले असेल, त्याची ही जात आहे: तहान भागण्याआधी मान ताठ होते.

जॉर्जियात प्रवेशबंदी झाली, तेव्हा काही प्राध्यापकांनी २०११ साली अथेन्स शहरात 'फ्रीडम युनिव्हर्सिटी' सुरू केली. रविवारी वर्ग भरत, शुल्क नव्हते. नाव घेतले होते कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतील स्वातंत्र्यशाळांवरून. ज्यांना दाराबाहेर ठेवले त्यांच्यासाठी दुसरे दार उघडणे, ही परंपरा आपल्या शाळेच्या वाचकांना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

चळवळीने काय घेतले

आता नाण्याची दुसरी बाजू. जर्मनीत व्हिएतनामी निर्वासितांच्या पोटी जन्मलेल्या टॅम ट्रॅन यांना जर्मनी, व्हिएतनाम व अमेरिका यांपैकी कोणताच देश आपला म्हणेना. २००७ साली त्यांनी अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका राष्ट्रीय दैनिकात त्यांचे बोलणे छापून आले आणि काही दिवसांतच पहाटेच्या वेळी त्यांचे आईवडील व भाऊ यांना ताब्यात घेण्यात आले. पुढे त्यांची सुटका झाली. पण बोलणाऱ्याची किंमत घरच्यांना मोजावी लागते, हा धडा साऱ्यांना मिळाला.

दुसरे ओझे अधिक सूक्ष्म आहे. जनमत वळवण्यासाठी चळवळीने सुरुवातीला उत्तम गुण मिळवणारी, वर्गात पहिली येणारी मुले पुढे केली आणि ती 'स्वतःचा काही दोष नसताना' येथे आणली गेली, असे मांडले. या मांडणीची दोन टोके मुलांनाच टोचली. पहिले असे की, न्याय मिळण्यासाठी अव्वल असावे लागते. साधारण गुणांच्या मुलाने कोठे जावे? दुसरे असे की, मुलाचा दोष नाही म्हणताना तो अलगद आईवडिलांच्या माथी जातो. ज्या आईने रात्रपाळीत लाद्या पुसून फी भरली, तिला गुन्हेगार ठरवून मिळणारी सहानुभूती कोणत्या मुलाला सुखाने झोपू देईल? पुढील काळात अनेक कार्यकर्त्यांनी ही भाषा टाकून दिली आणि खरी स्वप्ने प्रथम आमच्या आईवडिलांनी पाहिली, असे ठामपणे म्हणू लागले. पालकांनी हे मुद्दाम वाचावे.

तिसरे ओझे अनिश्चिततेचे. सप्टेंबर २०१७ मध्ये 'डाका' रद्द केल्याची घोषणा झाली. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणे पाच विरुद्ध चार मतांनी अमान्य केले. जुलै २०२१ मध्ये टेक्सासमधील न्यायालयाने योजनाच अवैध ठरवली आणि नवे अर्ज मंजूर होणे थांबले. शिवाय जून २००७ च्या अटीमुळे, २०२५ साली अठरा वर्षांचा झालेला विद्यार्थी या योजनेच्या जवळपास बाहेरच पडतो. त्याचा जन्मच त्या सुमारास झालेला. शाळा व प्रार्थनास्थळे यांच्या आवारात कारवाई टाळण्याचे जुने धोरणही जानेवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आले. दर निकालाला मोर्चा, दर मोर्च्यानंतर परीक्षा, आणि परीक्षेनंतर घरच्यांची चिंता. असा कार्यकर्ता थकतो आणि थकल्याचीही त्याला लाज वाटते. लज्जेचा बाण असा मागच्या दाराने पुन्हा येतो.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. नोकरीच्या व्हिसावर रीतसर अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही या प्रश्नापासून दूर नाहीत. भारतीयांची कायम वास्तव्याच्या परवान्याची रांग इतकी लांब आहे की, आईवडिलांचा क्रमांक लागण्याआधी मूल एकवीस वर्षांचे होते आणि त्यांच्या व्हिसाचे छत्र गमावते. यांच्यापाशी कागद होते, म्हणूनच 'डाका'चा आधारही यांना मिळाला नाही.

मग कशाने तगता येते?

या पंचवीस वर्षांतून तीन गोष्टी आम्हांस शिकण्याजोग्या वाटतात.

पहिली, समुपदेशन हे चळवळीचा भाग आहे, चळवळीतून पळवाट नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत २०१२ पासून या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आहे. शुल्क, कायदा व मन या तिन्हींची मदत तेथे एकत्र मिळते, कारण विद्यार्थ्याच्या जीवनात या तिन्ही गोष्टी वेगळ्या नसतातच.

दुसरी, आपले गुपित केव्हा, कोणाला व किती सांगावे, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा. जो जाहीर सभेत बोलत नाही तो भित्रा नव्हे. व्यासपीठावरच्या एका भाषणामागे चहा करणारे, पत्रके वाटणारे, कोणाचे तरी तान्हे मूल सांभाळणारे अनेक हात असतात.

तिसरी, थकलेल्याची शुश्रूषा. विनयपिटकात कथा आहे: अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. इतर भिक्खूंनी त्याची काळजी घेतली नाही, कारण तो त्यांच्या काही उपयोगी पडत नव्हता. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून शय्येवर ठेवले आणि संघाला सांगितले की, तुम्हाला येथे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? घरापासून दूर वसतिगृहात राहणाऱ्या मुलांसाठी आणि घोषणा देता देता आवाज बसलेल्या कार्यकर्त्यांसाठी याहून नेमका उपदेश आम्हांस ठाऊक नाही. उपयोगी असेपर्यंत जवळ करणारा संघ हा संघच नव्हे.

आपल्या देशातही उच्चशिक्षणात गेलेली आपली मुले पहिला बाण झेलीत आहेत. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला, तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो, आणि उतरणे योग्यच होते. परंतु त्याच्यासारखे लढणारे मूल एखाद्या रात्री एकटे असते, तेव्हा त्याचा दूरध्वनी उचलणारा कोण, हा प्रश्न मोर्चाने सुटत नाही. तो आपण एकेकाने सोडवायचा आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. शाळेतून बाहेर पडून महाविद्यालयात गेलेल्या एका तरी मुलाचा क्रमांक आपल्यापाशी ठेवावा आणि निकालाचा दिवस नसतानाही त्याला दूरध्वनी करावा. पालकांना विनंती आहे की, मूल सुट्टीत घरी आले की गुणांच्या आधी झोपेची विचारपूस करावी. आणि ते म्हणाले की, 'मला आता झेपत नाही', तर आपण त्याच्यासाठी काय काय सोसले याची यादी त्या क्षणी वाचू नये. जवळ बसावे. गरज भासल्यास समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे स्वतः सोबत जावे. ताप आला म्हणून मुलाला दवाखान्यात नेताना आपण लाजत नाही. येथेही लाजण्याचे कारण नाही.

पहिला बाण परतवण्यासाठी कायदा बदलावा लागतो आणि त्याला वर्षे लागतात. दुसरा बाण उपसायला एक माणूस जवळ असावा लागतो, आणि तो आजच असावा लागतो.